डेंटल क्लिनिक टाकताय? आधी हत्यारांचे सेट मोजा, मग खुर्ची घ्या



या वेळच्या व्हिडिओत आपण लोट्यात एका खुर्चीचं छोटं डेंटल क्लिनिक टाकायचं झालं तर भांडवल कुठे कुठे लागतं ते पाहिलं. त्यात निर्जंतुकीकरणाला मी जेमतेम दोन मिनिटं दिली. खरं तर तोच मुद्दा सगळ्यात मोठा आहे, म्हणून हा वेगळा लेख. वही-पेन घेऊन बसा, मध्ये थोडी आकडेमोड आहे.

लेख दोघांसाठी आहे. एक, नुकतंच बीडीएस झालेले डॉक्टर. दोन, त्यांच्या घरातली ती व्यक्ती जी हिशोब, खरेदी आणि माणसं सांभाळणार आहे. नवरा, बायको, भाऊ, कोणीही असो. पेशंटच्या तोंडात हात घालण्याचा अधिकार फक्त नोंदणीकृत दंतवैद्याचा, हे १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने ठरलेलं आहे. पण ऑटोक्लेव्ह कोणता घ्यायचा, हत्यारं किती घ्यायची, असिस्टंटला काय शिकवायचं, हे निर्णय बहुतेक वेळा पैसे मोजणारा माणूस घेतो. म्हणून हे त्यालाही कळलं पाहिजे.

१. लोट्याचं गिऱ्हाईक कसं आहे?

लोटे खेड तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गावर, खेड आणि चिपळूणच्या मध्ये. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहत म्हणजे मुख्यतः रासायनिक कारखाने. तुमच्या खुर्चीत बसणारा माणूस बऱ्याचदा पाळी संपवून आलेला ऑपरेटर, केमिस्ट किंवा फिटर असणार, नाहीतर त्याच्या घरचं कोणीतरी.

हा माणूस दिवसभर काय करतो? तापमान बघतो, दाब बघतो, वेळ बघतो आणि बॅच शीटवर लिहून सही करतो. लिहिलं नाही तर काम झालंच नाही, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. तुमच्याकडे आल्यावर तो तोंडाने विचारणार नाही की, "डॉक्टर, हे आधी कोणाच्या तोंडात होतं?" आपल्याकडे असं विचारायला लोक संकोचतात. पण तो बघतो. पाऊच समोर फोडला की हत्यारं ट्रेमध्ये उघडीच पडली होती, हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. आणि त्याला पर्याय आहेत. खेडला डेंटल कॉलेज आहे, चिपळूणला दवाखाने आहेत. एसटीने किंवा दुचाकीवर तो कुठेही जाऊ शकतो.

आजचा धडा एका वाक्यात सांगतो. स्वच्छता डोळ्यांना दिसते, निर्जंतुकीकरण दिसत नाही, म्हणून ते मोजावं आणि लिहून ठेवावं लागतं.

२. एका सलाईनच्या बाटलीची गोष्ट

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर वाणियंबाडीचं उदाहरण वाचा. तामिळनाडूच्या तिरुपत्तूर जिल्ह्यातलं हे गाव. २०२२-२३ मध्ये त्या भागातले काही पेशंट मेंदूच्या गंभीर संसर्गाने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दाखल होऊ लागले. जंतू सापडला तो माती आणि पाण्यात राहणारा, मेलिऑइडोसिस नावाचा आजार करणारा. तपास करणाऱ्यांनी धागा मागे मागे नेला, तेव्हा त्यातले दहा जण एकाच दातांच्या दवाखान्याशी जोडलेले निघाले. त्या दहापैकी आठ दगावले.

२०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशयाचं बोट गेलं सलाईनच्या बाटलीकडे. निर्जंतुक न केलेल्या हत्याराने बाटली उघडायची, काम झालं की सैलसर बंद करून ठेवायची आणि तेच सलाईन पुढच्या पेशंटला वापरायचं. बस, एवढंच. मशीन फुटलं नाही, चुकीचं औषध दिलं गेलं नाही. काही रुपये वाचवणारी एक रोजची सवय होती.

लक्षात घ्या, अशा सवयी सहसा वाईट हेतूने लागत नाहीत. बाहेर पाच पेशंट बसलेले असतात, हाताशी सामान कमी असतं, आणि "आजच्या दिवस चालेल" म्हणून जे सुरू होतं ते कायमचं होऊन बसतं. म्हणून आपला उपाय भाषण देण्याचा नाही. मोह होऊच नये इतकं सामान आणि तशी व्यवस्था पहिल्या दिवसापासून ठेवणं, हा उपाय आहे.

३. कोणत्या वस्तूला काय लागतं?

स्पॉल्डिंग नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने वैद्यकीय वस्तूंचे धोक्याप्रमाणे तीन गट पाडले. जगभर आजही तेच वापरतात. दवाखान्यात ते असे लावा:

- पहिला गट: हाडात, हिरडीत, रक्तात जाणारं. दात काढायचे चिमटे, एलेव्हेटर, स्केलरची टोकं, सर्जरीचे बर. हे निर्जंतुकच हवं, यात सवलत नाही.
- दुसरा गट: तोंडाच्या आतल्या त्वचेला लागणारं. आरसा, इंप्रेशन ट्रे वगैरे. उष्णता सहन करणारी प्रत्येक वस्तू ऑटोक्लेव्हमध्ये गेली पाहिजे. हँडपीस इथेच येतो.
- तिसरा गट: फक्त बाहेरून हात लागणारं. लाइटचं हँडल, खुर्चीची बटणं, टेबल. इथे प्रत्येक पेशंटनंतर जंतुनाशकाने पुसणं किंवा प्लॅस्टिकचं कव्हर बदलणं.

हँडपीसबद्दल दोन शब्द जास्त. तो थांबताना तोंडातली लाळ, रक्त थोडं आत ओढून घेऊ शकतो. म्हणजे घाण आत आणि आपण स्पिरिटने पुसतोय बाहेरून! पुसलेला हँडपीस स्वच्छ दिसतो, निर्जंतुक नसतो.

तसंच पाण्यात उकळण्याचं. उकळून बरेच जंतू मरतात, पण काही जंतूंची बीजाणू ही अवस्था टिकून राहते. ग्लुटराल्डिहाइडच्या द्रावणात हत्यारं पाच-दहा मिनिटं बुडवून ठेवली की झालं, असंही काही जण समजतात. २ टक्क्यांच्या द्रावणाने खरोखर निर्जंतुक व्हायला साधारण १० तास लागतात. तेवढा वेळ कोणाकडे नसतो, म्हणून ऑटोक्लेव्हला पर्याय नाही.

४. एका हत्याराचा प्रवास

हा क्रम मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा.

१. धुणं. हत्यारावर रक्त वाळू देऊ नका. आधी साबणद्रावणात भिजवा, मग जाड रबरी हातमोजे घालून लांब दांड्याच्या ब्रशने पाण्याखाली घासा. अल्ट्रासॉनिक क्लीनर असेल तर उत्तम. वाळलेल्या रक्ताखाली वाफ पोचत नाही, त्यामुळे न धुता ऑटोक्लेव्ह करणं म्हणजे घाण शिजवणं.

२. वाळवून पॅक करणं. पाऊचवर तारीख आणि लोड नंबर लिहा.

३. ऑटोक्लेव्ह. साध्या मशीनमध्ये पॅक केलेल्या सामानाला १२१ अंश सेल्सिअसला साधारण ३० मिनिटं. १३४ अंशाच्या व्हॅक्यूम मशीनमध्ये त्याहून खूप कमी. नेमका वेळ मशीनच्या पुस्तिकेतून घ्या. पाऊच एकमेकांवर कोंबू नका, वाफेला फिरायला जागा हवी. हँडपीस आतून पोकळ असल्यामुळे त्याला आधी हवा ओढून घेणारं, बाजारात 'बी क्लास' म्हणतात ते मशीन योग्य.

४. सुकणं. ओला पाऊच बाहेर काढायचा नाही. ओल्या कागदातून जंतू आत शिरतात, मग आधीची सगळी मेहनत फुकट.

५. बंद कपाटात ठेवणं आणि पेशंटच्या समोर फोडणं.

हत्यारांच्या वाटेवर एक नियम पाळा. घाण बाजू आणि स्वच्छ बाजू वेगळी, सामान एकाच दिशेने जाणार. सिंक, पॅकिंग, ऑटोक्लेव्ह, कपाट. छोट्या गाळ्यातही सहा-सात फुटांच्या ओट्यावर हे बसतं. गाळ्याचा नकाशा काढतानाच ती जागा सोडा, नंतर निघत नाही.

५. आता गणित: सेट किती?

नवीन माणूस खुर्ची, फर्निचर, बोर्ड यावर खर्च करतो आणि हत्यारांचे तीन-चार सेट घेतो. इथेच चूक होते. बघा कशी.

एक सेट पेशंटच्या तोंडातून निघाल्यापासून परत वापरायला तयार होईपर्यंत समजा: भिजवणं-धुणं २० मिनिटं, वाळवणं-पॅकिंग १०, ऑटोक्लेव्ह आणि सुकणं ४५, थंड होणं १५. झाले ९० मिनिटं. तुम्ही दर अर्ध्या तासाला एक पेशंट घेताय. म्हणजे एक सेट परत येईपर्यंत तीन पेशंट येऊन जातात. शिवाय प्रत्येक सेटसाठी वेगळा लोड लावत नाही, चार-पाच साठले की लावतो. मग सेट संपतात, आणि नेमकं त्या क्षणी असिस्टंट विचारते, "सर, नुसतं पुसून देऊ का?"

हा प्रश्नच येऊ नये म्हणून सोपं सूत्र: सगळ्यात गर्दीच्या सत्रातले पेशंट + २ = तपासणीचे सेट.

लोट्यात गर्दी संध्याकाळी, पाळी सुटल्यावर. ५ ते ९ म्हणजे चार तास, अर्ध्या तासाने ८ पेशंट. ८ + २ = १० सेट. तपासणीच्या सेटमध्ये आरसा, प्रोब आणि ट्वीझर. ते हँडपीसइतके महाग नसतात, म्हणून इथे कंजूषपणा नको. त्या आठांतल्या निम्म्यांना ड्रिलिंग लागेल असं धरलं तर ४ हँडपीस आणि १ जादा, असे ५. एक लोड दुपारी, एक रात्री. गडबड नाही, मोह नाही.

तुमचे आकडे वेगळे असतील, सूत्र तेच ठेवा. पैसे कमी पडत असतील तर सोफा नंतर घ्या, काचेचं पार्टिशन नंतर करा. पाच हँडपीस परवडत नसतील तर तितकेच ड्रिलिंगचे पेशंट घ्या जितके हँडपीस आहेत. तुमची खरी क्षमता खुर्चीवर ठरत नाही, तयार असलेल्या सेटवर ठरते.

६. खर्च फीमध्ये धरा

निर्जंतुकीकरण हा 'वरचा खर्च' नाही. प्रत्येक पेशंटमागचा कच्चा माल आहे. यादी करा: ग्लोव्हज, मास्क, पाऊच, सुई, सक्शन टिप, ग्लास, जंतुनाशक, डिस्टिल्ड पाणी, वीज, तपासणी पट्टी, कचरा उचलणाऱ्या संस्थेची फी, असिस्टंटचा वेळ.

समजण्यासाठी धरू की हे पेशंटमागे ७० रुपये होतं. रोज १६ पेशंट, महिन्याला २६ दिवस, म्हणजे ४१६ पेशंट. ४१६ × ७० = २९,१२० रुपये. हा आकडा तुमच्या फीमध्ये पहिल्या दिवसापासून नसेल, तर महिनाअखेरीस तुम्ही तो दुसरीकडून कापणार. कुठून? ग्लोव्हजमधून, सलाईनमधून. पेशंटमागे २० रुपये कापले तर महिन्याला ८,३२० वाचतात. वाणियंबाडीची गोष्ट आठवा आणि ही बचत आहे का ते स्वतःच ठरवा.

फी सांगताना लाजू नका. "प्रत्येकाला नवीन पॅक फोडतो, त्याचा खर्च यात आहे," असं साधं वाक्य पुरतं. लोट्याच्या माणसाला ते पटतं.

७. कोकणचा पाऊस आणि लाइट

मुंबई-पुण्याची चेकलिस्ट इथे जशीच्या तशी चालत नाही. चार गोष्टी जास्तीच्या करा.

- दमट हवा. जून ते सप्टेंबर पाऊच भिंतीला टेकवून ठेवू नका, बंद कपाटात ठेवा. ओला, फाटलेला, डाग पडलेला पाऊच म्हणजे निर्जंतुक नाही. पुन्हा पहिल्यापासून.
- लाइट गेली तर. चालू सायकल मध्येच तुटली तर राहिलेली मिनिटं मोजून पूर्ण करायची नाहीत. संपूर्ण सायकल पुन्हा. साध्या घरगुती इन्व्हर्टरवर ऑटोक्लेव्ह चालेल असं गृहीत धरू नका, त्याचा विजेचा भार मोठा असतो. तयार सेट जास्त असणं हाच खरा बॅकअप.
- पाणी. ऑटोक्लेव्हमध्ये डिस्टिल्ड पाणीच, नाहीतर क्षार बसून मशीन बिघडतं. खुर्चीच्या नळ्यांत पाणी साचून जंतूंचा थर धरतो. सकाळी दोन मिनिटं आणि प्रत्येक पेशंटनंतर २० ते ३० सेकंद पाणी सोडून द्या. उपचाराच्या पाण्यात मिलिलिटरला ५०० पेक्षा जास्त जंतू नसावेत, असा अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचा निकष आहे. आणि सर्जरीला नळाचं पाणी कधीच नाही. निर्जंतुक सलाईन, नवीन बाटली, एक पेशंट.
- पूर. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली, ते आपण विसरलेलो नाही. तळमजल्याला गाळा असेल तर ऑटोक्लेव्ह, पॅक केलेलं सामान आणि कचऱ्याचे डबे उंचावर ठेवा. पुराचं पाणी लागलेलं पॅक वापरायचं नाही.

८. सिंकपाशी उभी असलेली मुलगी

आपण पेशंटचं बोलतो, पण रोज रक्ताची हत्यारं धुते ती तुमची असिस्टंट. बहुधा जवळच्या वाडीतली, बारावी झालेली, पहिलीच नोकरी. तिला काही झालं तर जबाबदारी तुमची आहे, कायद्याने आणि माणुसकीनेही.

हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवस जिवंत राहू शकतो. यावर लस आहे: पहिला डोस, एका महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. त्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून संरक्षण आलंय का ते बघायचं. हा खर्च मालकाचा. पहिला डोस झाल्याशिवाय तिला हत्यारांना हात लावू देऊ नका, आणि तोवर सुया तर नाहीच.

वापरलेल्या सुईचं टोपण दोन हातांनी लावायचं नाही. तरीही सुई टोचलीच तर: जखम साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, लपवायची नाही, लगेच डॉक्टरांना सांगायचं. एचआयव्ही रोखणारी औषधं जितक्या लवकर, शक्यतो दोन तासांत सुरू झाली पाहिजेत, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नाही. म्हणून कळंबणी किंवा कामथे येथील उपजिल्हा रुग्णालयात ही सोय कशी मिळते, रात्री कोणाला भेटायचं, हे क्लिनिक उघडण्याआधीच विचारून भिंतीवर लिहा. आणि सुई टोचल्याचं सांगितल्यावर ओरडू नका. ओरडलात तर पुढच्या वेळी ती सांगणार नाही.

९. कचरा

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे खाटा नसलेल्या दवाखान्यालाही महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं अधिकारपत्र लागतं आणि अधिकृत संस्थेशी करार करावा लागतो. रंग पाठ करा:

- पिवळा: रक्ताचा कापूस, काढलेला दात, मुदत संपलेली औषधं
- लाल: ग्लोव्हज, सक्शन टिप, सुई काढलेली सिरिंज
- पांढरा, न टोचणारा डबा: सुया, ब्लेड, फाइल, बर
- निळा: औषधाच्या काचेच्या बाटल्या, काचेची कार्ट्रिज

चांदी भरलेला दात पिवळ्यात टाकू नका. पिवळा कचरा जाळला जातो आणि त्या चांदीत पारा असतो. तो वेगळा साठवा. कुठलाही कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. आणि ग्रामपंचायतीच्या घंटागाडीत एकही सुई जाता कामा नये. ती गाडी ओतणाऱ्या माणसाच्या हातात ग्लोव्हज असतीलच असं नाही.

१०. नोंदवही: तुमची बॅच शीट

आता सुरुवातीच्या वाक्याकडे परत येऊ. निर्जंतुकीकरण दिसत नाही, मग आपल्याला तरी कसं कळणार? तीन पातळ्यांवर.

पहिली, प्रत्येक लोडला तापमान, दाब, वेळ बघून लिहिणं. दुसरी, पाऊचमध्ये रंग बदलणारी पट्टी टाकणं. बाहेरची पट्टेरी टेप फक्त एवढंच सांगते की पाकीट गरम झालं होतं, आत वाफ पोचली का ते सांगत नाही. तिसरी, आठवड्यातून एकदा स्पोर टेस्ट, म्हणजे अतिशय चिवट पण निरुपद्रवी जंतूंची कुपी लोडमध्ये ठेवून ते खरंच मेले का ते तपासणं. टेस्ट फेल गेली तर मशीन थांबवा, त्यातून निघालेले पाऊच बाजूला ठेवा, कारण शोधा, पुन्हा टेस्ट करा.

वहीचे रकाने: तारीख, लोड नंबर, आत काय होतं, तापमान, वेळ, पट्टीचा निकाल, सही. पेशंटच्या केस पेपरवर फक्त लोड नंबर टाका. उद्या कोणी शंका घेतली तर तुम्ही पान उघडून दाखवू शकता. आणि शंका नाही घेतली तरी चूक कुठल्या दिवशी झाली, कोणत्या पेशंटना बोलवून तपासायचं, हे तुम्हाला कळेल. ज्याच्याकडे नोंद नाही, त्याला एक चूक सगळ्या पेशंटच्या भीतीएवढी महाग पडते.

गृहपाठ

१. तुमच्या सगळ्यात गर्दीच्या सत्रात किती पेशंट येतील ते लिहा, सूत्राने सेट काढा.
२. सहाव्या मुद्द्यातल्या यादीचे स्थानिक भाव काढून पेशंटमागचा खर्च ठरवा.
३. नोंदवहीचे रकाने आखा. वही शंभर रुपयांच्या आत मिळते.
४. असिस्टंटच्या लसीची तारीख नोकरीच्या पहिल्या दिवसाच्या आधीची ठेवा.

हे चार झाले की मग खुर्चीचं कोटेशन मागवा. त्याच्या आधी नाही.

पुढच्या भागात आपण याच क्लिनिकसाठी कर्जाचा प्रस्ताव तयार करू. आज काढलेले सेटचे आकडे त्यात लागणार आहेत, वही जपून ठेवा.